भाकरतुकडा

आई एकटी राहते म्हणून विश्वजीतनं जर्मनीत बसून संभाजीनगरच्या घराला कॅमेरा आणि मोबाइलवर चालणारं कुलूप बसवून घेतलं. दाराबाहेरच्या बेलमध्ये स्पीकरही होता. माणसं काम आटोपून गेल्यावर त्यानं बोलून पाहिलं, "आई, ऐकू येतंय का?"

आवाज दाराबाहेरून आला. सरूबाईंनी लगबगीनं दार उघडलं. बाहेर कुणीच नव्हतं. बेलवरच्या कॅमेऱ्याकडं त्या बघत राहिल्या.

"थांब तिथंच," म्हणत आत गेल्या आणि भाकरीचा तुकडा न् तांब्याभर पाणी घेऊन आल्या. तुकडा त्यांनी कॅमेऱ्यावरून ओवाळून लांब टाकला, मागोमाग पाणी ओतलं.

"आई, काय करायलीस?"

"किती वर्सांनी दारात आलायस. तसंच आत घेऊ व्हय?"

त्याला हसू आलं. "बरं, आता दार लाव. उघडं राहिलं की माझा मोबाइल वाजतो."

"वाजू दे."

माणूस आत येईल एवढी वाट सोडून सरूबाई बाजूला सरकल्या.

"तू ये आधी. मग लावते."