जुन्या इंजिनाचं तेल

पणजोबांनी बोटीत बसवलेलं, आजोबांनी राबवलेलं, वडिलांनी जपलेलं इंजिन नातीच्या हाती आलं. तिने त्यात जाड तेल आणि झीज रोखणारं झिंकचं मिश्रण घातलं. शेजारच्या बोटवाल्याने आपल्या तितक्याच जुन्या इंजिनात नव्या गाड्यांचं पातळ तेल ओतलं. वर टोमणा मारला, "म्हाताऱ्याला काढा पाजतेस होय गं?"

भर हंगामात त्याचंच इंजिन झिजून समुद्रात जाम झालं. नातीने त्याची बोट दोराने ओढत बंदराकडे आणली, तशी धक्क्यावर उभ्या आजीची मान ताठ झाली.

बंदराच्या तोंडाशी नात म्हणाली, "काका, आता वल्हवा!" आणि दोर सोडू लागली.

"खबरदार!" आजी गरजली. "थेट धक्क्याच्या पायरीला लाव. तुझे आजोबा अडकले होते, तेव्हा याच्या वडिलांनी त्यांना पायरीपर्यंत आणलं होतं."