होम प्लेटवरची धूळ

यंदापासून आमच्या गावच्या बेसबॉल मैदानात नवी सोय झाली आहे. पिचरने टाकलेला चांगला चेंडू अंपायरने खराब ठरवला असं बॅटरमागे चेंडू झेलणाऱ्या कॅचरला वाटलं, तर त्याने हेल्मेट थोपटायचं. कॅमेऱ्यांचा निकाल लगेच मोठ्या पडद्यावर येतो. माझा नातू कोल्बी कॅचर आहे. त्या दुपारी त्याने दोनदा हेल्मेट थोपटलं आणि दोन्ही वेळा म्हातारा अंपायर व्हर्नन बोटभर चुकलेला निघाला.

"व्हर्नन, माझा चष्मा देऊ का रे?" मी जाळीमागून ओरडले. सगळे हसले.

मग एक चेंडू बॅटला निसटता लागून कोल्बीच्या खांद्यावर आदळला. तो कळवळून खाली बसला. व्हर्नन पुढे झाला, वाकला आणि खिशातल्या ब्रशने होम प्लेट, म्हणजे बॅटरपुढची जमिनीत बसवलेली पांढरी पाटी, झाडू लागला. अगदी सावकाश.

"आता प्लेटही दिसेना वाटतं आजोबांना," शेजारची लोरेटा म्हणाली.

प्लेट लख्ख होती. माझा नवरा याच मैदानात कॅचर होता, म्हणून मला ठाऊक आहे. मार लागलेल्या कॅचरला दम खायला वेळ मिळावा, म्हणून अंपायर अशी स्वच्छ प्लेट झाडत बसतो.

कोल्बी उठला. पुढच्याच चेंडूला त्याने पुन्हा हेल्मेट थोपटलं आणि पडद्याने पुन्हा त्याचंच खरं केलं. सगळं मैदान टाळ्या वाजवत उभं राहिलं. नातवाने हसत माझ्याकडे वळून पाहिलं, तेव्हा टाळ्या न वाजवता मी खाली वाकून पर्समध्ये उगाच काहीतरी शोधत होते.