रिकामी कात्री

विद्यानगरच्या बालवाडीत हेमावतीअक्कांनी पोरांच्या हातात बोथट टोकांच्या कात्र्या दिल्या. "आधी कागद नाही. नुसतं सुसरीसारखं तोंड उघडायचं, मिटायचं." वर्ग कचकच करू लागला, वेदश्रीनं मात्र हात पाठीमागं लपवले. "भीती वाटते काय गं?" "नाही अक्का. रिकामी कात्री चालवली की घरात भांडण होतं." अक्का हसल्या. "ते उगीच म्हणतात गं." "उगीच नाही. परवा मी चालवली, अप्पा आईशी भांडून धारवाडला निघून गेले." अक्कांचं हसू विरलं. त्यांनी जुन्या कॅलेंडरचं पान फाडून तिच्यापुढं धरलं. "घे, आता रिकामी नाही." जीभ बाहेर काढून पोरगी कापत सुटली. शाळा सुटल्यावर कात्र्या गोळा करताना अक्का थबकल्या. प्रत्येक कात्रीच्या तोंडात कागदाचा तुकडा होता. दारात उभ्या वेदश्रीच्या मुठीत अजून एक. "हा आमच्या घरच्या कात्रीला, अक्का."