पंपातला डास

“मला नका ऐकवू,” मुलगी म्हणाली. “मला सगळेच कॉम्प्युटर शांत वाटतील. यांना ऐकवा. माझे बाबा.”

दुकानदाराने बाबांकडे बघितलं. त्यांच्या उजव्या कानामागे ऐकण्याचं मशीन होतं.

“ताई, थट्टा करताय का?”

“नाही हो. डावा कान गेलाय, आणि उजव्याच्या या मशीनला माणूस आणि कॉम्प्युटरचा पंखा सारखेच. मी घरी व्हिडिओ एडिट करते. मी बसले, पंखा घोंघावायला लागला, की हे मशीन काढून डबीत. विचारलं तर म्हणे बॅटरी गेली. परवा डॉक्टरांनी मशीनमधली नोंद काढली. दिवसाला पाऊण तास. म्हणजे मी जेवायला उठते तेवढाच वेळ.”

“आणि बाकीचा दिवस?”

“बाकीचा दिवस काहीही विचारा, हो. चहा हवा? हो. दार लावलं? हो. दार सताड उघडं असतं.”

“बॅटऱ्या हल्ली टिकत नाहीत,” बाबा म्हणाले.

दुकानदार हसला. त्याने छताचा पंखा बंद केला, काचेचं दार लोटलं. टेबलावर दोन कॉम्प्युटर उघडेच चालू होते. पहिल्याला नुसताच मोठा पंखा होता. बाबा लांबूनच म्हणाले, “हा तर आमच्याच घरातला दिसतोय.”

दुसऱ्यात निळे दिवे होते, दोन काळ्या नळ्या होत्या.

“पाण्याने थंड होणारा पहिल्यांदाच घेताय ना? मग हे तयार किट घ्या,” दुकानदार मुलीला म्हणाला. “पाणी आत सीलबंद. नळ्या कापा, पाणी भरा, गळतंय का बघत बसा, ती भानगडच नाही. छोटा पंप पाणी फिरवतो, पंखे निवांत. या काका, ऐका. काहीच नाही.”

बाबा वाकले. चाळीस वर्षं छापखान्यात गेली होती. कान तिथेच गेले होते, पण मशीनजवळ मान तिरकी करून उभं राहायची सवय राहिली होती.

“डास आहे यात.”

दुकानदाराने कान टेकवला. मुलीनेही टेकवला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

“बेअरिंग असेल, काका.”

“बेअरिंग मला कळतं. हा डास आहे. एकच आहे, पण आहे.”

दुकानदाराला काहीतरी आठवलं. “पंप,” तो म्हणाला. “पंपाची शिट्टी. एक गिऱ्हाईक हेच म्हणत परत करून गेलं होतं. मी त्यालाच येड्यात काढलं.” त्याने माउस हातात घेतला. “वेग कमी करता येतो. पण ताई, आधीच सांगतो. पंप हळू केला तर मोठ्या कामाला कॉम्प्युटर तापणार, आणि तापला की आपोआप मंद होणार. तासाच्या कामाला सव्वा तास धरा.”

“प्रत्येक वेळी?”

“मोठं काम असेल तेव्हा.”

“माझी सगळी मोठीच असतात,” मुलगी म्हणाली, आणि मानेच्या मागे हात दाबत उभी राहिली. बाबा तिच्याकडे बघत होते. मग ते जरा वळून नळ्या बघायला लागले.

“गेला,” ते म्हणाले.

“कोण?”

“डास. गेला. एकदम शांत. हाच घे.”

मुलीचा चेहरा खुलला. दुकानदाराचा मात्र हात माउसवर तसाच होता. पडद्यावरचा पंपाच्या वेगाचा आकडाही तोच होता.

“काका, मी अजून काही केलंच नाही.”

बाबा दिव्यांकडे बघत होते. दुकानदार त्यांच्यासमोर आला.

“काका, हे दुकान विकत घेता का?”

“हो, हो,” बाबा प्रसन्नपणे म्हणाले.

तेव्हा ती शिट्टी आली. बारीक, सलग. कॉम्प्युटरमधून नाही, बाबांच्या बंद मुठीतून. ही सगळ्यांना ऐकू येत होती, एक बाबा सोडून.

मुलीने त्यांची मूठ एकेक बोट करून उघडली. मशीन आत होतं. तिने ते त्यांच्या कानात बसवलं, वरचे केस नीट केले.

“सव्वा तास,” बाबा जमिनीकडे बघत म्हणाले. “आधीच तुझी मान मोडते.”

तिने दुकानदाराला खूण केली. तो एकेक आकडा खाली आणायला लागला. बाबांनी डोळे मिटले.

“आहे,” ते म्हणाले. “आहे. लांब गेला. थांबा, आहे अजून.”

मग बराच वेळ काहीच म्हणाले नाहीत. दुकानदाराने हात उचलला.

मुलगी दबकत मागे गेली, पार दारापर्यंत. कुणी झोपलेलं असताना बोलतात तसं, अगदी हळू तिने विचारलं, “बाबा, हाच घेऊ ना?”

“नको,” बाबा मागे न बघता म्हणाले. “तुझं काम अडेल.”

मुलगी दाराशी उभीच राहिली. दुकानदार तिच्याकडे बघत होता.

“हाच बांधून द्या,” ती म्हणाली.