पहिली खरी नोंद

“जँगो म्हणजे पाठीवर बिऱ्हाड घेऊन पळणं,” धाकटा म्हणाला. “फास्टएपीआय घेऊ. वाऱ्यासारखं चालतं.”

“आणि जँगो जे आयतं देतं, ते सगळं तू हातानं लिहिणार?” थोरली बहीण म्हणाली.

अ‍ॅम्ब्युलन्सच्या नियंत्रण कक्षासाठी दोघं नवं अ‍ॅप बनवणार होती. पायथॉन या संगणकभाषेत लिहायचं हे ठरलं होतं. फ्रेमवर्क, म्हणजे तयार सांगाडा, जँगोचा घ्यायचा की फास्टएपीआयचा, तिथं घोडं अडलं होतं. दोघांनी एकेक नमुना फॉर्म करून आणला होता.

तपासायला बसल्या मावशी. एकवीस वर्षं त्या इथले फोन घेत होत्या. त्यांना दिसत नसे. संगणक उजव्या कानात पडदा वाचून दाखवी, इतक्या वेगानं की धाकट्याला नुसती गुणगुण ऐकू आली.

“तुझ्या सगळ्या चौकटी मुक्या आहेत रे,” त्या म्हणाल्या. “यावर काम करायचं, तर मला घरीच बसावं लागेल.”

चौकटींची नावं त्यानं नुसती चितारली होती. डोळ्यांना दिसत, संगणकाला वाचता येत नसत.

“दोन ओळींचं काम, मावशी. राहून गेलं,” तो हसला.

त्यांनी बहिणीचा, जँगोवरचा फॉर्म उघडला. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे एक बाई किंचाळत होती. तिचं बाळ निळं पडलं होतं.

“पत्ता सांग, पोरी. जवळ काय आहे? बाळ केवढं?” मावशींचा आवाज जराही चढला नाही. त्यांनी माइकवरून गाडी सोडली. “आता दोन बोटं छातीच्या मधोमध. दाब. माझ्याबरोबर मोज. एक, दोन, तीन...” मोजताना त्यांची बोटं कीबोर्डवर चालतच होती. तीसला त्या थांबल्या. “नाकातोंडावर तोंड ठेव. हलकी फुंकर, दोनदा. आता पुन्हा.”

खोलीत कुणी हललं नाही. बहिणीनं भावाचं मनगट घट्ट धरलं होतं. चौथ्या फेरीला फोनमधून एक बारीक, चिडका टाहो फुटला.

गाडी पोचल्यावरच मावशींनी फोन ठेवला आणि पाणी मागितलं.

“मग? कोणतं घ्यायचं?” बहिणीनं हळूच विचारलं.

भावानं पडदा तिच्याकडे वळवला. फोन आला तेव्हा हाताखाली होता तोच फॉर्म मावशींनी भरला होता. तिचा. एकही चौकट रिकामी नव्हती.

रुग्ण: मुलगी, नऊ दिवसांची.

नाव: अजून ठेवायचं आहे.

श्वास: सुरू.