दीपगृहाची फेरी

"अठरा वर्षं या बंदराचा अधिकारी होतो मी," शेजारच्या चार जणांना ऐकू जाईल अशा बेताने म्हातारा म्हणाला. सुकाणूवरचा लाँचवालीचा हात जागच्या जागी थांबला.

सकाळच्या फेरीला अकरा पर्यटक होते. मासळीचा लिलाव बघून झाला होता, बर्फाचा कारखाना झाला होता. आता लाँच दीपगृहाला वळसा घालायला निघाली होती. म्हातारा बायकोला बोटाने एकेक गोष्ट दाखवत होता. लाँचवालीला त्याने ओळखलं नाही. ओळखणार कसा? त्याच्या कचेरीच्या दारात ती आईचा हात धरून उभी होती, तेव्हा दहा वर्षांची होती.

दीपगृहाचे खडक मागे पडले तसं तिने इंजिन बंद केलं. लाँच लाटांना आडवी झाली आणि हेलकावे खाऊ लागली. कुणीतरी किंचाळलं.

"काय झालं?"

"बंद पडलं."

"मग वायरलेस करा की! हातावर हात ठेवून बसलात काय?" म्हातारा तावातावाने उठला आणि तोल जाऊन परत बसला.

"केला तर काय म्हणतील, साहेब?"

"काय म्हणतील म्हणजे? बोट पाठवतील."

"माझ्या बापाने इथूनच केला होता. त्याची होडी बंद पडली होती, आत पाच माणसं होती. उत्तर आलं, 'ढोसून गेले असतील. भरतीबरोबर येतील आपोआप.' आजूबाजूच्या होड्यांनी ऐकलंय ते. पाचातलं कुणीच परत आलं नाही. आवाज तुमचा होता."

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. त्याच्याआधी त्याची बायकोच बोलली.

"चौकशीत तर तुम्ही सांगितलंत, निरोप आलाच नव्हता."

"अगं, त्या दिवशी वारा इतका…"

"आला होता की नव्हता?"

लाँच एका अंगाला कलली. बाकीचे कठडा घट्ट धरून, पांढरेफटक पडून बसले होते. त्यांची लाँचवालीला जराही दया आली नाही. एक काळ असा होता की हा माणूस सापडला तर त्याला इथेच बुडवायचा, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं. आता तिला काहीच करावं लागत नव्हतं. ती नुसती बघत राहिली, पोटभर.

"आला होता," म्हातारा म्हणाला.

तिने किल्ली फिरवली. पहिल्याच झटक्यात इंजिन सुरू झालं. तिने लाँच धक्क्याकडे वळवली.

धक्क्यावर बायका ओळीने जाळी दुरुस्त करत बसल्या होत्या. पर्यटक घाईघाईने उतरले. म्हाताऱ्याच्या बायकोला लाँचवालीने हात देऊन पायरीवर घेतलं.

"तुमची आई?" बाईंनी हळूच विचारलं.

"ती शेवटची. पिकल्या केसांची."

बाई मागे वळल्या नाहीत. सरळ चालत गेल्या आणि चांगल्या साडीनिशी त्या ओल्या दगडांवर, आईच्या शेजारी बसल्या.

म्हाताऱ्याने उतरण्यासाठी हात पुढे केला. लाँच खालीवर होत होती, पायरी कधी गुडघ्याशी येत होती, कधी कमरेशी.

तो हात तसाच राहू देऊन लाँचवालीने मागचा दोर उचलला, खुंटाला गाठ मारली. मग तिच्यावर आणखी एक. मग आणखी एक.