सोललेलं नाक

अदनान परकार रियाधहून थेट पेरूला गेला आणि अँडीजच्या कुशीतलं वाराझ नावाचं चिमुकलं शहर पोटभर हिंडून आला. पण घरी विचाराल तर असं काही घडलेलंच नाही. सौदीतली रजा गावी न येता उडवणं म्हणजे घरच्यांच्या लेखी गुन्हाच, म्हणून त्यानं आपल्या अरब मालकाचं नाव पुढं करून रत्नागिरीला आधीच कळवून टाकलं होतं, "कफील यंदा रजाच देत नाही."

परतल्यावर अम्मीचा व्हिडिओ कॉल आला. बर्फाळ डोंगरावरच्या उन्हानं त्याचे ओठ फुटले होते आणि नाकाची सालं निघाली होती.

"या अल्ला! पोरा, नाक कुठं गेलं तुझं?"

"गोदामात जरा गरम होतं, अम्मी."

"जरा? थांब, बघतेच तुझ्या कफीलला!"

अदनान हसला. रत्नागिरीत बसून अम्मी काय बघणार?

आठवड्यानं कफीलनं त्याला केबिनमध्ये बोलावलं. वीस दिवसांच्या रजेवर हसत सही करणारा हाच तो भला माणूस. टेबलावर गावच्या मशिदीच्या जमातीचं, गोल शिक्क्याचं पत्र होतं.

"सदर मुलगा आपल्या गोदामात राबून करपला आहे. तरी त्यास तत्काळ पगारी रजा देऊन महिनाभर एखाद्या बर्फाळ डोंगरावर पाठवावे, ही नम्र विनंती."